विश्लेषण : रोजच्या पावावर संशय घेणारा डॉक्टर… गहू आणि सिलिॲक आजाराचे नाते कसे उलगडले?

मुलाचे पोट बिघडले की आपल्याकडे आजही दूध बंद, तिखट बंद आणि हातात टोस्ट नाही तर दोन बिस्किटे, हा घरगुती उपाय ठरलेला. हलके, पचायला सोपे आणि निरुपद्रवी म्हणून. शंभर वर्षांपूर्वी युरोपातील नामवंत बालरोगतज्ज्ञही याहून फार वेगळे सांगत नव्हते. काही मुलांच्या बाबतीत मात्र हा टोस्टच आजाराचे मूळ होता. ही मुले महिनोन्महिने जुलाबाने हैराण असत. हातपाय काड्यांसारखे, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, उंची खुंटलेली आणि स्वभाव किरकिरा. त्यांतील अनेक जण दगावत. याला गहू कारणीभूत आहे हे दाखवून दिले विलेम कारेल डिके या डच डॉक्टरने. जगभर सुमारे एक टक्का लोकांना असलेल्या सिलिॲक आजारावर आजही एकच उपचार आहे, आणि तो डिके यांनी सांगितलेलाच आहे. त्यांचे नाव मात्र वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

कोण होते डिके?

विलेम कारेल डिके यांचा जन्म १६ फेब्रुवारी १९०५ रोजी नेदरलँड्समधील डॉर्ड्रेख्त या नदीकाठच्या जुन्या बंदराच्या गावात झाला. १९२२ ते १९२९ या काळात त्यांनी लायडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेतले. पुढची चार वर्षे द हेग येथील युलियाना बाल रुग्णालयात बालरोगांचे प्रशिक्षण घेतले. १९३६ मध्ये याच रुग्णालयाच्या वैद्यकीय संचालकपदी त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ होते.

डिके यांच्या हाती मोठी प्रयोगशाळा नव्हती. होते ते एक बाल रुग्णालय आणि त्यात महिनोन्महिने, कधी वर्षभरही राहणारी मुले. मुलाने आज काय खाल्ले, किती खाल्ले, वजन किती भरले, शौचाला किती वेळा आणि कसे झाले, हे रोज लिहून ठेवता येत होते. पुढे त्यांच्या संशोधनाचा पाया ठरल्या त्या याच नोंदी.

आजार जुना, मग कारण का सापडले नव्हते?

अन्न न पचता शरीराबाहेर पडते आणि रोगी झिजत जातो, अशा विकाराचे वर्णन कॅपाडोशियाच्या ॲरेटियस या ग्रीक वैद्याने जवळपास अठराशे वर्षांपूर्वी केले होते. पोटासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याने या रोग्यांना जे नाव दिले, त्यावरूनच सिलिॲक हा शब्द आला. आधुनिक वैद्यकात आजाराचे नेमके चित्र रेखाटले ते लंडनच्या सॅम्युअल गी यांनी, १८८८ मध्ये. हा आजार कोणत्याही वयात होतो, पण एक ते पाच वर्षांच्या मुलांत विशेष दिसतो, हे त्यांनी नोंदवले. आणि रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हेही त्यांनी ओळखले होते.

इथपर्यंत गी अगदी बरोबर होते. पुढे त्यांनी पथ्य सांगितले आणि घोटाळा झाला. भात, साबुदाणा, मक्याचे पीठ हे पिष्टमय पदार्थ त्यांनी वर्ज्य ठरवले. हे सगळे पदार्थ या रोग्यांना चालतात. चालेल म्हणून सांगितला तो पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला पाव! म्हणजे जे द्यायला हवे ते बंद आणि जे बंद करायला हवे ते ताटात. गी यांच्याच लेखात एका मुलाची नोंद आहे. त्याला रोज उत्तम प्रतीचे डच शिंपले खायला दिले जात आणि तो झपाट्याने सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला तसा आजार उलटला. पुढच्या हंगामात मात्र मूल शिंपल्यांना तोंड लावेना. श्रेय शिंपल्यांना मिळाले. मुलाचे पोट शिंपल्यांनी भरत असताना त्याच्या ताटातून काय कमी झाले असेल, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

अमेरिकेत सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांचा आहार सुचवला. मुलांना भरपूर केळी द्यायची. पाव, बिस्किटे, बटाटे आणि सगळी तृणधान्ये बंद. मुले खरोखरच सुधारली आणि केळ्याची कीर्ती झाली. या आहाराने किती तरी मुलांचे प्राण वाचले, हे मान्यच करायला हवे. पण मुले बरी होत होती ती पाव बंद झाल्यामुळे, आणि हास यांचा रोख होता पिष्टमय पदार्थांवर. आजार आटोक्यात आला की पाव पुन्हा सुरू करता येतो, असा समज त्यातून रूढ झाला. अनेकांनी तो केला आणि काही काळाने त्यांचे दुखणे परतले. पुढे गव्हाचा दोष सिद्ध झाल्यावरही हास आपल्या मतावरून हलले नाहीत.

तेव्हाच्या युरोपात पाव म्हणजे आपल्याकडची पोळी-भाकरी. सकाळ, दुपार, संध्याकाळ असणारच. जी वस्तू सगळेच खातात आणि बहुतेकांना काही होत नाही, तिच्याकडे संशयाने बघायला वेगळी नजर लागते. शिवाय सिलिॲकमध्ये पाव खाल्ला आणि तासाभरात उलटी झाली, असे सहसा होत नाही. बिघाड दिवसांनी, कधी आठवड्यांनी दिसतो. तोवर मुलाने इतके काही खाल्लेले असते की दोष नेमका कशाला द्यायचा, हेच कळत नाही.

मग डिके यांना पावाचा संशय आला कसा?

डिके यांच्या चरित्रात एक हकिगत नोंदवली जाते. १९३६ च्या सुमारास द हेगमध्ये एका तरुण आईने त्यांना आपल्या सिलिॲक असलेल्या मुलाविषयी एक गोष्ट सांगितली. पाव बंद केला की मुलाच्या अंगावरचे पुरळ झपाट्याने कमी होते, हे तिच्या लक्षात आले होते. अशा गोष्टी डॉक्टरांच्या कानावर रोज पडतात. आईने मुलाच्या खाण्याबद्दल काही सांगितले की मान हलवून पुढचा रोगी बोलावण्याची सवय तेव्हाही होती, आजही आहे. डिके यांनी मात्र ते ऐकून सोडून दिले नाही.

अर्थात सगळे श्रेय त्या एका भेटीला देणेही बरोबर नाही. पाव खाल्ल्यावर काही मुलांचा आजार उलटतो, अशी कुजबुज १९३० च्या दशकात डच बालरोगतज्ज्ञांमध्ये होती. डिके यांनी १९३४ ते १९३६ च्या काळातच रुग्णालयातील मुलांना गहू वगळलेला आहार देऊन पाहायला सुरुवात केली होती. फरक दिसला, पण फरक दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. या आजारात मुले अधूनमधून आपोआपही बरी वाटू लागतात. त्यामुळे प्रत्येक उपायाला यश आल्याचा भास होतो, आणि केळ्यांपासून शिंपल्यांपर्यंत सगळ्यांचे नाव होते.

१९४१ मध्ये त्यांनी एका डच वैद्यकीय नियतकालिकात या आजारासाठीच्या साध्या आहाराविषयी छोटा लेख लिहिला. पाव आणि गव्हाचे भाजलेले टोस्ट वगळून मुलांना एरवीचे घरगुती अन्न द्यावे, असा त्याचा आशय. लेख जेमतेम दोन पानांचा, भाषा डच आणि देश मे १९४० पासून जर्मनीच्या ताब्यात. बाहेरच्या जगात तो वाचणार कोण?

युद्धाच्या भुकेने शोध लावला, ही कथा खरी किती?

समाजमाध्यमांवर डिके यांची जी गोष्ट फिरते ती अशी : महायुद्धात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, सिलिॲकची मुले अचानक बरी झाली, मग विमानांतून पाव पडला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी ते पाहिले आणि शोध लागला. गोष्ट ऐकायला छान आहे. तिच्यात तथ्यही आहे. पण १९४१ चा लेख या दुष्काळाच्या तीन वर्षे आधीचा आहे, हे त्यात हरवते.

सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा वचपा म्हणून जर्मन फौजांनी देशाच्या पश्चिम भागात जाणारे अन्न अडवले. पुढे थंडी कडाक्याची पडली, कालवे गोठले. ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम, द हेग या शहरांतील लोकांचे शिधापत्रिकेवरचे अन्न घटत घटत फेब्रुवारी १९४५ पर्यंत दिवसाला ६०० कॅलरींच्या खाली आले. माणसे साखरेचे बीट आणि ट्युलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागली. सुमारे २० हजार लोकांचा बळी गेला. डच लोक या काळाला भुकेचा हिवाळा म्हणतात. डिके यांचे रुग्णालय याच पट्ट्यात होते.

सगळी मुले खंगत असताना सिलिॲकची मुले तुलनेने बरी राहिली, हे डिके यांच्या ध्यानात आले. पुढे स्वीडनहून जहाजांनी पीठ आले, त्याचे पांढरे पाव भाजून वाटले गेले. एप्रिलच्या अखेरीस दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी अन्नाच्या गोण्या टाकल्या. भुकेल्या शहरांना तो पाव अमृतासारखा वाटला. डिके यांच्या या मुलांचा आजार मात्र पाव परतताच उलटला.

म्हणजे युद्धाने त्यांना कल्पना दिली नाही. जी कल्पना ते दहा वर्षे तपासत होते, तिची अवघ्या शहरावर झालेली क्रूर चाचणी त्यांच्या डोळ्यांसमोर घडली. दंतकथेतील डिके नशीबवान दिसतात. खरे डिके चिकाटीचे होते, आणि मला तरी तेच जास्त महत्त्वाचे वाटते.

पुरावा कसा उभा राहिला?

दुष्काळातला अनुभव कितीही बोलका असला तरी तो पुरावा नव्हता. पाव गेला तेव्हा दूध, साखर, मांसही गेले होते. मग मुले बरी राहिली ती नेमकी कशामुळे? डिके यांना आकडे हवे होते, आणि ते मिळवून दिले युट्रेख्तमधील दोघा सहकाऱ्यांनी. एक होते जीवरसायनतज्ज्ञ फान द कामर आणि दुसरे बालरोगतज्ज्ञ वायर्स.

सिलिॲकमध्ये आतडे अन्नातील स्निग्ध पदार्थ नीट शोषत नाही. त्यामुळे शौच पांढुरके, तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होते. शौचातून किती स्निग्धांश बाहेर पडतो हे मोजता आले, तर आजार किती बळावला किंवा ओसरला हेही मोजता येईल. फान द कामर आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये त्यासाठी तुलनेने सोपी, भरवशाची पद्धत प्रसिद्ध केली. काम अजिबात मोहक नव्हते. मुलांचे अनेक दिवसांचे शौच गोळा करायचे, त्यातील स्निग्धांश मोजायचा आणि त्याच दिवसांत खाल्लेल्या स्निग्ध पदार्थांशी ताळा जुळवायचा. मग आहारात एकच धान्य बदलायचे आणि पुन्हा तेच.

चित्र हळूहळू स्पष्ट होत गेले. गव्हाचे पीठ दिले की स्निग्धांश वाढे, भूक मंदावे, वजन घसरे. राय या धान्यानेही तेच होई. तांदूळ आणि मका यांनी काही बिघडत नसे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गव्हातून नीट शुद्ध करून काढलेला स्टार्च दिला तरी मुले ठीक राहत. म्हणजे ज्या पिष्टमय भागावर गी यांच्यापासून हास यांच्यापर्यंत सगळ्यांचा राग होता, तो निर्दोष निघाला. दोष होता गव्हाच्या उरलेल्या भागात.

हे समजायला मराठी घरात प्रयोगशाळा लागत नाही. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना भिजवलेला गहू वाटून पाण्यात गाळतात. तळाशी पांढरा साका बसतो तो मुख्यतः स्टार्च. आणि कणकेचा गोळा पाण्याखाली चोळत राहिले की शेवटी हातात जो रबरासारखा चिवट गोळा उरतो, ते ग्लुटेन. पोळी लाटताना ताणली जाते आणि पाव फुगतो तो याच प्रथिनामुळे. (घरच्या चिकात ग्लुटेनचा अंश राहतोच, त्यामुळे सिलिॲकच्या रुग्णाने कुरडई खाऊ नये.)

१९५० मध्ये डिके यांनी युट्रेख्त विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. काही धान्यांचा सिलिॲकच्या रोग्यांवर होणारा अनिष्ट परिणाम, हा त्याचा विषय. वय ४५, हाती रुग्णालयाची धुरा आणि मागे दीड दशकाच्या नोंदी. प्रबंधात मोजक्याच मुलांची, पण दीर्घकाळ केलेली निरीक्षणे होती. गहू बंद केल्यावर चढणारे आणि सुरू केल्यावर घसरणारे वजनाचे आलेख होते.

यातील एक गोष्ट आजच्या वाचकाला टोचेल. गव्हाचा दोष सिद्ध करण्यासाठी सुधारत असलेल्या मुलांना पुन्हा गहू द्यावा लागला. आजच्या नियमांत असा प्रयोग मुलांवर सहजी होऊ दिला जाणार नाही. पण तो झाला नसता तर आणखी किती वर्षे भाजलेला पाव पथ्य म्हणून दिला गेला असता, हाही प्रश्न उरतोच.

प्रबंध डच भाषेत होता. त्यामुळे जगाने दखल घेतली ती इंग्लंडमधून दुजोरा आल्यावर. बर्मिंगहॅममध्ये शार्लट अँडरसन आणि सहकाऱ्यांनी असेच प्रयोग केले. गव्हाचे पीठ घातक आहे, त्यातील स्टार्च नव्हे, हा निष्कर्ष त्यांनी १९५२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात मांडला. १९५३ मध्ये डिके, वायर्स आणि फान द कामर यांचे इंग्रजी लेख प्रसिद्ध झाले आणि ग्लुटेनवर, त्यातही अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या ग्लायडिन या भागावर बोट ठेवले गेले.

ग्लुटेन शरीरात नेमके करते काय?

डिके यांना कोणी हा प्रश्न विचारला असता तर त्यांच्याकडेही पूर्ण उत्तर नव्हते. ते पुढच्या पिढ्यांनी शोधले. १९५० च्या दशकात तोंडातून नळी घालून लहान आतड्याचा तुकडा तपासणे शक्य झाले. लंडनमधील मार्गोट शायनर यांचे १९५६ मधील काम त्यात महत्त्वाचे. निरोगी आतड्याचे अस्तर मखमलीसारखे, बारीक उंचवट्यांनी भरलेले असते. या रोग्यांत ते सपाट झालेले दिसले. उंचवटे गेले की अन्न शोषणारा पृष्ठभागच नाहीसा होतो. मग माणूस कितीही खावो, ते अंगी लागत नाही.

असे होते कारण शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लुटेनच्या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर घाव घालते. त्यासाठी डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या जनुकीय खुणा लागतात. त्या लोकसंख्येतील सुमारे एक तृतीयांश लोकांत असतात, पण आजार त्यातल्या थोड्यांनाच होतो. १९९७ मध्ये जर्मन संशोधकांनी या लढाईत शरीराच्या कोणत्या प्रथिनावर हल्ला होतो ते शोधले. आज केली जाणारी टीटीजी ही रक्तचाचणी त्यातूनच आली. गव्हाची ॲलर्जी ही वेगळी बाब आहे आणि गव्हाने नुसते पोट फुगणे ही आणखी वेगळी.

डिके यांचे पुढे काय झाले?

१९५७ मध्ये डिके युट्रेख्त विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्राध्यापक आणि तेथील विल्हेल्मिना बाल रुग्णालयाचे संचालक झाले. ज्या शहरात त्यांचा पुरावा तयार झाला, तिथेच ते परतले. पण हा काळ फार टिकला नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने ते आजारी पडले आणि २७ एप्रिल १९६२ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डच पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने पुढे त्यांच्या नावाने सुवर्णपदक सुरू केले.

त्यांच्या शोधातून कोणतेही औषध निघाले नाही, त्यामुळे कोणत्याही कंपनीने त्यांचे नाव घरोघरी पोहोचवले नाही. कदाचित प्रसिद्धी न मिळण्याचे हेही एक कारण असावे.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती?

हा गोऱ्या लोकांचा आजार, असे आपल्याकडे बराच काळ मानले जाई. दिल्ली परिसरात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ जणांमागे एकाला सिलिॲक असल्याचे आढळले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशाच्या तीन भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढ तपासले गेले. प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघाले. जनुकीय खुणांचे प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखेच होते. ठळक फरक होता तो ताटातील गव्हात : उत्तरेत तो कितीतरी पटींनी अधिक खाल्ला जात होता. महाराष्ट्राचा आकडा या पाहणीत नाही. पण ज्वारी-बाजरीची भाकरी मागे पडून पोळी, पाव, बिस्किटे, नूडल्स पुढे येत असलेल्या राज्याने हे आकडे लक्षात घ्यायला हवेत.

अडचण अशी की आजार ओळखूच येत नाही. काड्यांसारखे हातपाय आणि फुगलेले पोट असलेले मूल आता क्वचित दिसते. त्याऐवजी लोहाच्या गोळ्या घेऊनही हटत नसलेला रक्तक्षय, वर्गात सर्वांत बुटके राहिलेले मूल, लांबलेली पाळी, ठिसूळ हाडे, सतत थकवा, तोंडात वारंवार येणारे फोड अशा रूपात तो येतो. कधी कोपर-गुडघ्यांवर खाजणारे पुरळ, एवढेच लक्षण असते. रुग्णाचे आईवडील, भावंडे, मुले आणि टाइप-१ मधुमेह असलेली मुले यांना धोका अधिक.

इथे एक चूक हमखास होते. कोणी तरी सांगते म्हणून किंवा मोबाइलवर वाचून घरच्या घरी गहू बंद केला जातो. बरे वाटले की मग डॉक्टरकडे जाऊन तपासणी केली जाते. तोवर रक्तातील खुणा ओसरलेल्या आणि आतडे भरून येऊ लागलेले असते, त्यामुळे तपासणी फसवी येते. म्हणून आधी टीटीजी चाचणी, गरज असल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा, आणि निदान पक्के झाल्यावरच पथ्य. निदान झाल्यावर मात्र पथ्य जन्मभराचे. बरे वाटते म्हणून सणासुदीला एखादी पुरणपोळी, ही सवलत नाही.

पथ्य पाळायचे तर गव्हाची किती रूपे आपल्या स्वयंपाकघरात आहेत ते पाहावे लागते. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया ही उघड नावे. खपली गहू जुना, पौष्टिक म्हणून अनेक जण सिलिॲकच्या रुग्णालाही सुचवतात. तोही गहूच आहे आणि त्यातही ग्लुटेन आहे. जव चालत नाही, म्हणून माल्ट घातलेली दुधातली पावडरही नाही. सातूचे पीठ अनेक घरांत गव्हाचेच असते. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू भाजून टाकण्याची पद्धत आहे. बाजारातील बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे साध्या वरणाच्या फोडणीतूनही ग्लुटेन पोटात जाऊ शकते. ओट्समध्ये मुळात गव्हाचे ग्लुटेन नसते, पण शेतात आणि कारखान्यात त्यांची गव्हाशी सरमिसळ होते. त्यामुळे डॉक्टरांना विचारूनच आणि ग्लुटेनमुक्त अशी नोंद असलेलेच घ्यावेत.

दुसरी बाजूही आहे. युरोपातील रुग्णाला ग्लुटेनमुक्त पाव महागड्या दुकानातून आणावा लागतो. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी मुळातच चालतात. नाचणीचे सत्त्व, तांदळाची भाकरी, घावन, वरईचा भात, बेसनाचे लाडू यांत वर्ज्य असे काही नाही. नेहमीचे मराठी जेवण थोड्या फेरफाराने ताटात राहू शकते.

खरी कसोटी असते ती गिरणीत. ज्वारी कितीही निवडून नेली तरी त्याच जात्यावर आधी कोणाचा गहू दळला गेला असेल तर पिठात ग्लुटेन येतेच. भारतात खाद्यपदार्थावर ग्लुटेनमुक्त असे छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. यावरून मर्यादा किती बारीक आहे ते कळावे. म्हणून ज्यांना परवडते ती कुटुंबे घरगुती चक्की घेतात आणि तिच्यात गहू कधीच घालत नाहीत. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी मिक्सरवर थोडे थोडे दळणे हा मार्ग उरतो. पोळीचे पोळपाट-लाटणे, तवा आणि पिठाची चाळणी वेगळी ठेवावी लागते. तळणीचे तेलही वेगळे. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणावडे तळून चालत नाही. शाळेतल्या डब्याची अदलाबदल, वाढदिवसाचा केक, लग्नातील पंगत हे मुलांच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रसंग. शिक्षकांना आणि मित्रांच्या घरी आधी सांगून ठेवले तर निम्मी अडचण सुटते.

पथ्य जमते आहे की नाही हे कळते ते पुढच्या तपासण्यांतून. काही महिन्यांनी टीटीजीची पातळी घसरू लागते, लोह आणि ड जीवनसत्त्व सुधारते. मुलांच्या बाबतीत डॉक्टर दर भेटीत उंची आणि वजन एका आलेखावर मांडतात. आडवी पडलेली रेघ पुन्हा वर चढू लागली का, हे त्यावर दिसते. द हेगमधील त्या रुग्णालयात १९३० च्या दशकात डिके हेच पाहत होते.